घाटात लोडवर पी००८७ येतो, रेल प्रेशर पडतं. पंपच गेलाय का?

मालवाहू_२५००

गाडी: २.५ लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबनळीतून डिझेल) पिकअप, बीएस ४, २०१८ चं मॉडेल, १ लाख ७० हजार किमी. इंजेक्टर सोलेनॉइडवाले. टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. हाय प्रेशर पंपाच्या पाठीलाच गिअर पंप आहे, तोच टाकीतून डिझेल ओढतो. मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) पंपावर. रेलच्या एका टोकाला प्रेशर सेन्सर, दुसऱ्या टोकाला दाब अति झाला की उघडणारा साधा मेकॅनिकल रिलीफ व्हॉल्व्ह.

त्रास दोन आहेत. पहिला, सकाळी थंड इंजिनला ८ ते १० सेकंद स्टार्टर मारावा लागतो. दिवसभरात गरम इंजिन मात्र पहिल्या झटक्यात उचलतं. दुसरा, पुण्याहून माल भरून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट निम्मा चढला की तिसऱ्या गिअरमध्ये, २२०० आरपीएमच्या आसपास, इंजिनची ताकद एकदम जाते, चेक लाइट लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला कमी ताकदीवर) जाते. कोड एकच: पी००८७. चावी बंद करून पाच मिनिटांनी चालू केली की पुन्हा नीट चालते. सपाट रस्त्यावर, रिकामी असताना काहीच तक्रार नाही.

डिझेल फिल्टर ४ हजार किमीपूर्वी नवीन टाकला. आयडलला स्कॅनरवर मागणी ३०० बार, प्रत्यक्ष २९५ ते ३०५. गॅरेजचं म्हणणं, हाय प्रेशर पंप बदला. त्या खर्चात पडण्याआधी काय काय तपासावं?

रेल_आणि_रिटर्न

पंपाला हात लावू नका. पी००८७ चा अर्थ एवढाच की ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) जेवढा दाब मागितला तेवढा ठरावीक वेळात सेन्सरवर दिसला नाही. त्यामागे बहुतेक वेळा तीन शक्यता असतात. डिझेल पंपापर्यंत पुरेसं पोचत नाही, पोचलेलं पंपात किंवा त्याच्या पुढे कुठेतरी रिटर्नमध्ये (टाकीकडे परत जाणाऱ्या लाइनमध्ये) निसटतंय, किंवा सेन्सर खोटं सांगतोय. पंपाची स्वतःची झीज ही दुसऱ्या शक्यतेतली एक पोटशाखा झाली. बरेच पंप बदलले जातात आणि कोड आठवड्याने परत येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आयडलचे आकडे बघून निर्धास्त होऊ नका. हिशेब करा. ८०० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १६०० वेळा फवारतं. दर फवाऱ्याला साधारण ८ घन मिलिमीटर धरले तर मिनिटाला जेमतेम १३ मिली डिझेल जळतं. २२०० आरपीएमला फवारे ४४००, आणि भरल्या लोडवर दर फवाऱ्याला ४५ घन मिलिमीटर धरले तर मिनिटाला जवळजवळ २०० मिली. म्हणजे पंधरापट. शिवाय इंजेक्टरचं रिटर्न आणि पंपाच्या वंगणासाठी, थंड राहण्यासाठी फिरणारं डिझेल वेगळंच. अर्धवट तुंबलेली लाइन १३ मिली आरामात देते, २०० ला गुदमरते. म्हणून गॅरेजच्या दारात उभी असताना गाडी गुणी आणि घाटात हट्टी.

तुमच्या दोन लक्षणांत एक मोठी खूण आहे. इंजेक्टर किंवा पंप आतून झिजलेला असेल तर त्रास गरम इंजिनला जास्त होतो, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून सहज निसटतं. गरम गाडी बंद केली आणि दहा मिनिटांनी उचलतच नाही, ही तक्रार तिकडची. तुमचं उलट आहे. रात्रभर उभी राहिली की उशीर, गरम असताना झटक्यात. म्हणजे सक्शनच्या लाइनमध्ये कुठेतरी हवा शिरतेय आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरून जातंय असं आधी धरा. हीटर प्लग मात्र एकदा बघून घ्या, तेही सकाळचा उशीर करतात. पण हीटर प्लगमुळे घाटात रेल प्रेशर पडत नाही.

आता घाटात लॉग घ्या. स्कॅनरवर सहाच गोष्टी निवडा, जास्त निवडल्या की नोंदी विरळ होतात: मागितलेला रेल दाब, प्रत्यक्ष दाब, मीटरिंग व्हॉल्व्हचा करंट किंवा टक्केवारी, आरपीएम, अॅक्सिलरेटर पेडल, बॅटरी व्होल्ट. स्कॅनर कुणीतरी शेजारी बसलेल्याने बघायचा, चालवणाऱ्याने नाही. कोड येण्याआधीचे दहा सेकंद महत्त्वाचे. प्रत्यक्ष दाब मागणीपासून हळूहळू सुटत गेला आणि त्याच वेळी मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला दिसला, तर ईसीयू जीव तोडून मागतोय पण आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार. व्हॉल्व्ह अर्धाच उघडा असताना दाब पडला तर वायरिंग आणि व्हॉल्व्हकडे वळा. दाब एका क्षणात शून्याकडे कोसळून लगेच वर आला तर ते डिझेलचं काम नव्हे, सेन्सरच्या कपलरचं आहे. खरा दाब इतक्या झटक्याने खाली-वर होत नाही.

बऱ्याच गाड्यांत मीटरिंग व्हॉल्व्ह करंट नसताना उघडा असतो, म्हणजे करंट कमी झाला तर व्हॉल्व्ह जास्त उघडतो. आकडा उलटा वाचू नका.

व्हॅक्यूम_गेज

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त सक्शन कसं मोजायचं ते सविस्तर सांगतो, कारण गॅरेजमध्ये हे क्वचितच केलं जातं आणि लागतं फक्त एक व्हॅक्यूम गेज, एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि दोन-अडीच मीटर नळी.

फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या लाइनला टी बसवा, त्यावर गेज. गेजची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेबाहेर वायपरजवळ घट्ट बांधा. डिझेलची नळी केबिनमध्ये घेऊ नका. त्याच ठिकाणी वीतभर पारदर्शक नळीचा तुकडा घाला, म्हणजे बुडबुडेही दिसतील. जोडण्या क्लिपने आवळा, नाहीतर टी मधूनच हवा शिरेल आणि तुम्ही तिचाच शोध घेत बसाल.

ओढून घेणाऱ्या या पद्धतीच्या सिस्टिममध्ये फिल्टर नवा असताना आयडलला ०.०५ ते ०.१५ बार व्हॅक्यूम ठीक आहे. लोडवर ०.२ ते ०.३ पर्यंत चालतं. ०.४ च्या वर गेलं की लाइन तुंबली आहे असं धरा. तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण माना. उलट, व्हॅक्यूम जवळजवळ शून्य आहे, तरी दाब पडतोय आणि नळीत बुडबुडे आहेत, तर लाइन तुंबलेली नाही, हवा धरतेय.

आकडा जास्त आला तर टी उचलून फिल्टरच्या आधी लावा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फिल्टरचा स्वतःचा अडथळा. फिल्टरनंतर ०.५ आणि आधी ०.१ असेल तर फिल्टर बदला, नवा असला तरी. एखाद्या टाकीभर घाण डिझेलने नवा फिल्टर हजार किमीत भरतो. दोन्हीकडे जवळपास सारखा आकडा असेल तर दोष टाकीकडे: टाकीतली जाळी, दबलेला किंवा मुडपलेला पाइप, आतून सोललेली रबरी नळी. ही सोललेली नळी फार फसवते. बाहेरून धडधाकट दिसते, पण आतला थर सुटून ओढा वाढला की झडपेसारखा मिटतो.

टाकीचं झाकण विसरू नका. झाकणातली हवेची वाट बुजली तर टाकीतच व्हॅक्यूम तयार होतो. त्रास सुरू होताच गाडी बाजूला घ्या आणि झाकण उघडा. सुसकारा आला तर झाकण तपासा. दहा सेकंदांची, फुकटची तपासणी आहे.

कॅनची युक्तीही चांगली, पण ती चुकीची केली जाते. पाच लिटर स्वच्छ डिझेलचा कॅन घेऊन फिल्टरला येणारी नळी आणि रिटर्नची नळी दोन्ही त्यात सोडायच्या. रिटर्न जुन्या टाकीतच ठेवलं तर कॅन बघता बघता रिकामा होतो. लाइन तुंबली आहे का हे बघायचं असेल तर कॅन हौद्यात बांधला तरी हरकत नाही. पण हवा शोधायची असेल तर कॅन जमिनीवर, इंजिनच्या खाली हवा. कॅन वर ठेवला की डिझेल उताराने येतं, लाइनमध्ये ओढच राहत नाही आणि हवेची फट दिसेनाशी होते. मग गाडी झकास चालते आणि निष्कर्ष चुकीचा निघतो.

सक्शनच्या फटीतून डिझेल टपकेलच असं नाही. तिथे आतून ओढ असते, त्यामुळे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. ओला डाग शोधत बसू नका. क्विक कनेक्टरचे ओ रिंग, फिल्टर हेडचा सील, पाणी काढायचा स्क्रू, हँड प्रायमर (हाताने दाबून लाइनमध्ये डिझेल भरायचा पंप) आणि त्याचे दोन व्हॉल्व्ह, हे आधी बघा. सकाळी स्टार्ट करण्याआधी प्रायमर दाबा. पहिले पाच-सहा झटके पोकळ लागून मग कडक झाला तर लाइन रात्रीतून रिकामी होतेय हे पक्कं.

पाच_व्होल्ट

सेन्सरकडेही एक नजर टाका, पण योग्य कारणासाठी.

या सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा असतो. साधारणपणे शून्य बारला ०.५ व्होल्ट आणि कमाल दाबाला ४.५ व्होल्ट सिग्नल मिळतो. कमाल १८०० बारचा सेन्सर असेल तर १ व्होल्ट म्हणजे ४५० बार. म्हणजे आयडलच्या ३०० बारला १.१७ व्होल्ट, १२०० बारला ३.१७ व्होल्ट. तुमच्या सेन्सरची कमाल किती ते त्याच्या पार्ट नंबरवरून काढा, १५०० चा असेल तर गणित बदलतं.

गाडी रात्रभर उभी असताना चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. रेल दाब शून्याच्या आसपास आणि सिग्नल ०.५ व्होल्ट दिसला पाहिजे. इथेच ६०-७० बार दिसले तर सेन्सर सरकलाय किंवा त्याचं अर्थिंग कच्चं आहे. अर्थ मोजताना मीटरचा एक प्रोब सेन्सरच्या अर्थ पिनला आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, इंजिन चालू ठेवा. दहावीस मिलीव्होल्टपेक्षा फार जास्त आकडा आला तर वायरिंग तपासा.

यात एक गंमत आहे. सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर पी००८७ येतच नाही. ईसीयू समाधानी असतो, प्रत्यक्ष दाब कमी असतो, गाडी ढिली चालते आणि स्कॅनर म्हणतो सगळं छान. सेन्सर कमी दाखवत असेल तर ईसीयू उगाच दाब चढवतो, इंजिन कडक टकटक करतं आणि शेवटी रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जातो. तुम्ही टकटकीची तक्रार केलेली नाही, म्हणून सेन्सर मुख्य आरोपी वाटत नाही.

मीटरिंग व्हॉल्व्हचा ओहम मोजा. प्रचलित प्रकारांत थंड असताना २.५ ते ३.५ ओहमच्या दरम्यान येतो. कपलर काढून गाडी चालू करून बघायची सवय काही जणांना असते. ती या प्रकारच्या व्हॉल्व्हला धोक्याची आहे, कारण करंट गेला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, दाब सुसाट चढतो आणि चांगला रिलीफ व्हॉल्व्ह खराब होतो. एकदा उघडलेला रिलीफ व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण बसेलच याची खात्री नसते.

पंपवाला_जुना

एवढं सगळं करण्यापेक्षा इंजेक्टरचे पाइप एकेक ढिले करा, कोणत्या सिलिंडरवर फरक पडतो ते लगेच कळतं. आणि १ लाख ७० हजार किमी म्हणजे पंप एकदा काढून टेस्ट बेंचवर लावून घ्यायलाच हवा.

रेल_आणि_रिटर्न

पंपवाला भाऊ, पाइप ढिला करायची पद्धत जुन्या इनलाइन आणि रोटरी पंपांची. तिथे नोझल २०० बारच्या आसपास उघडायची आणि तेव्हाही ते काम जपूनच करावं लागायचं. कॉमन रेलमध्ये चालू इंजिनवर नट सैल करणं म्हणजे ३०० ते १५०० बारची सुई हातावर धरणं. ती धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं छिद्र दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरत जातं. असं झालं तर मलमपट्टी करून घरी बसायचं नाही. तडक हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं आणि ‘हाय प्रेशरने डिझेल आत गेलंय’ हे शब्द सांगायचे. बोट वाचणं तासांवर अवलंबून असतं.

इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा, स्कॅनरवर रेल दाब उतरल्याचं बघा, मगच पाना लावा. गळती शोधताना हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. कोणता सिलिंडर ढिला हे बघायचंच असेल तर स्कॅनरमधून एकेक इंजेक्टर बंद करता येतो.

बेंचचं म्हणाल तर नाही म्हणत नाही, पण शेवटी. पंप काढा-घालायचे पैसे जातात, टायमिंगच्या बाजूचं काम निघतं, आणि बेंचवर पंपाला स्वच्छ डिझेल भरपूर मिळतं. म्हणजे गाडीवरचा दोष तिथे दिसतच नाही.

मालवाहू_२५००

सगळ्यांचे आभार. काल-आज मोजलेलं देतो.

घाटातला लॉग: मागणी १४०० बार, प्रत्यक्ष ४ सेकंदांत १३७० वरून ९३० वर उतरला, मग कोड. मीटरिंग व्हॉल्व्ह शेवटपर्यंत पूर्ण उघडा. बॅटरी १४.१ व्होल्ट.

व्हॅक्यूम, फिल्टरनंतर: आयडल ०.१२, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला ०.२५, घाटाच्या पायथ्याशी ०.३, कोड आला तेव्हा ०.५५. दुसऱ्या फेरीत टी फिल्टरच्या आधी: त्याच ठिकाणी ०.४८. टाकीचं झाकण उघडून बघितलं, सुसकारा नाही.

पारदर्शक नळीत सकाळी स्टार्टर मारताना हरभऱ्याएवढे बुडबुडे येतात, मिनिटभराने जातात. घाटात शेवटी दूधट, बारीक फेस दिसतो. प्रायमर सकाळी सात झटके पोकळ.

सेन्सर: सकाळी चावी ऑनला ०.५१ व्होल्ट. मीटरिंग व्हॉल्व्ह २.९ ओहम.

इंजेक्टर रिटर्न (प्रत्येकाच्या रिटर्नला वेगळी बाटली लावून), गरम इंजिन, आयडल, २ मिनिटं: १८, २१, १९ आणि चौथा ३४ मिली. चौथा इंजेक्टर गेला का?

व्हॅक्यूम_गेज

आकडे एवढे स्वच्छ आहेत की उत्तर त्यांतच आहे. फिल्टरनंतर ०.५५, आधी ०.४८. फिल्टरचा वाटा फक्त ०.०७, म्हणजे फिल्टर निर्दोष. बाकीचा सगळा अडथळा टाकीकडे. झाकण ठीक, म्हणजे उरली जाळी किंवा पाइप. आणि व्हॅक्यूम घाट चढता चढता ०.३ वरून ०.५५ पर्यंत वाढत गेला, हे तर जाळीचंच वागणं. सलग ओढ लागली की टाकीतला गाळ जाळीला येऊन चिकटतो. इंजिन बंद केलं, ओढ थांबली की तो पाच मिनिटांत खाली सुटतो. तुमची गाडी चावी बंद करून ‘बरी’ होते ती एक लिंप मोड निघाल्यामुळे, दुसरी यामुळे. दबलेला पाइप असा वाढत्या क्रमाने वागत नाही, तो सुरुवातीपासून तेवढाच अडवतो. उभ्या गाडीत मोकळी रेस देऊन हे दिसलं नाही, कारण तेवढ्या वेळात गाळ चढतच नाही.

बुडबुडे दोन जातींचे आहेत आणि त्यांची कारणं वेगळी. घाटातला दूधट फेस ही बाहेरून आलेली हवा असेलच असं नाही. डिझेलमध्ये विरघळलेली हवा असते, व्हॅक्यूम वाढला की ती फेसासारखी बाहेर पडते. जाळी साफ झाली की तो जायला हवा. पण सकाळचे हरभऱ्याएवढे बुडबुडे आणि सात पोकळ झटके ही खरी फट आहे. म्हणजे तुमच्याकडे दोष दोन आहेत, एकाने दुसरा भरून निघणार नाही.

फट शोधायला फिल्टरला येणाऱ्या आणि जाणाऱ्या कनेक्टरचे ओ रिंग आधी बदला, जपून काढलेले पुन्हा घालू नका. मग प्रायमर. जमिनीवर कॅन ठेवून थेट फिल्टरला जोडा आणि रात्रभर सोडा. सकाळी प्रायमर कडक असेल तर फट टाकी आणि फिल्टरच्या मधल्या पाइपात. पोकळच असेल तर फिल्टर हेड, प्रायमर किंवा त्यापुढे.

रेल_आणि_रिटर्न

चौथा इंजेक्टर: ३४ मिली म्हणजे बाकीच्यांच्या पावणेदोनपट. दोषी ठरवायला साधारणपणे इतरांच्या दुपटी-तिपटीच्या वर आकडा लागतो. लक्षात ठेवा, पण आज बदलू नका. चारही मिळून मिनिटाला ४६ मिली रिटर्न आहे, एवढ्याने १४०० चा दाब ९३० वर येत नाही.

मोजणी पुन्हा कराल तेव्हा चारही नळ्या सारख्या लांबीच्या घ्या, इंजिन पूर्ण गरम असू द्या, आयडलनंतर २५०० आरपीएमला ३० सेकंदांचीही एक मोजणी घ्या. झीज वरच्या दाबाला उघडी पडते. आणि गाडी उचलतच नसेल अशा वेळची वेगळी पद्धत: इंजेक्टरचे इलेक्ट्रिक कपलर काढून १० सेकंद स्टार्टर मारायचा. इंजेक्टरला हुकूमच नाही, म्हणजे रिटर्न जवळजवळ शून्य हवं. त्यातही एखाद्या बाटलीत धार लागली तर त्या इंजेक्टरची आतली सीट गळतेय. नंतर कोड पुसून टाका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी इशारा: बाटल्या लावायची ही तपासणी सोलेनॉइड इंजेक्टरची. पिएझो इंजेक्टरच्या काही प्रकारांत रिटर्न लाइनमध्ये १० बारच्या आसपास दाब राखलेला असतो, तो गेला तर इंजेक्टर नीट चालतच नाहीत. तिथे रिटर्न मोकळं सोडून काही निष्पन्न होणार नाही.

रिलीफ व्हॉल्व्हचं रिटर्न मात्र आजच बघा. त्याची नळी सोडवा, खाली बाटली धरा, आयडल आणि २५०० ला एक थेंबही यायला नको. रेलवरच्या दोषांत हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. मोकळं झालेलं टोक बूच मारून बंद करायला विसरू नका, नाहीतर इतर रिटर्न तिकडून बाहेर येईल.

पंपवाला_जुना

पाइपाचं मान्य, ती सवय जुनी. पण टाकी उघडताच आहात तर पंपाचीही एक तपासणी करा, बेंच न लावता. मीटरिंग व्हॉल्व्ह काढा आणि त्याच्या तोंडाची जाळी पांढऱ्या कपड्यावर पुसा. जुना फिल्टर असेल तर तो कापून कागद उन्हात धरा. काळा गाळ असेल तर टाकीचा. पण चमकी दिसली, चांदीच्या भुग्यासारखी, तर पंप आतून खातोय. मग नुसता पंप बदलून भागत नाही. तो भुगा रेल, पाइप आणि इंजेक्टरमध्ये गेलेला असतो, रिटर्नमधून टाकीतही. जुने इंजेक्टर ठेवून नवा पंप घातला तर इंजेक्टर अडकतात, टाकी न धुता घातला तर नवा पंपही जातो.

पंप खाण्याचं कारण बहुतेक वेळा डिझेलच असतं. या पंपाला वेगळं ऑइल नाही, डिझेलच त्याचं वंगण. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डिझेल आहे, गंधक १० पीपीएमपर्यंत, आधीच्या बीएस ४ मध्ये ५० होतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचं नैसर्गिक वंगणही कमी होतं, म्हणून ते अॅडिटिव्हने भरून काढतात. आयएस १४६० मध्ये (डिझेलचं भारतीय मानक) त्याची चाचणी आहे, झिजेचा डाग ६० अंश सेल्सिअसला ४६० मायक्रॉनच्या आत हवा. म्हणजे चांगल्या डिझेलची भीती नाही. त्यात केरोसीन मिसळलं किंवा पाणी शिरलं की खेळ खलास. पावसाळ्यात फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू दर आठवड्याला सोडा. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे जिवाणू वाढतात आणि काळी बुळबुळीत साय धरते. जाळी बुजवणारा गाळ बऱ्याचदा हाच.

व्हॅक्यूम_गेज

टाकी साफ करताना तीन चुका टाळा.

लाइनमध्ये हवा मारून जाळी ‘मोकळी’ करणं हे तपासणीपुरतं ठीक. फिल्टरकडचं टोक सोडवून, टाकीचं झाकण उघडं ठेवून, १ बारच्या आसपास हवा सोडा, टाकीत बुडबुड आवाज आला पाहिजे. पण गाळ टाकीतच राहतो, चार दिवसांनी पुन्हा चिकटतो. आणि कॉम्प्रेसरचे पूर्ण ७-८ बार सोडले तर जाळी फाटते.

जाळी कापून फेकू नका. ‘पुढे फिल्टर आहेच की’ असं म्हणून कापतात खरं, पण मग टाकीतला मोठा कचरा पाइपाच्या वाकणात किंवा फिल्टरच्या तोंडाशी अडकतो. सेंडर युनिट (टाकीच्या तोंडावरचं, डिझेलची पातळी सांगणारं) काढा, टाकी पूर्ण रिकामी करा, आतून डिझेलनेच धुवा आणि लिंटमुक्त कपड्याने पुसा. पाण्याने धुऊ नका. युनिटचा गोल सील नवा घाला.

तिसरी चूक सगळ्यात महाग. काम झाल्यावर नवा फिल्टर वरून कॅनमधल्या डिझेलने भरायचा नाही. मधल्या भोकात ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं. प्रायमरनेच भरा, कडक होईपर्यंत. मग स्टार्टर एका वेळी १० सेकंद, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. कोरडा पंप फिरवत बसलात तर पंपवाला भाऊंनी सांगितलेली चमकी तुम्हीच तयार कराल.

मालवाहू_२५००

टाकी उतरवली. जाळीचा तळ आणि एक बाजू काळ्या सायीने पूर्ण भरलेली, तळाशी अर्ध्या पेल्याएवढं पाणी. मीटरिंग व्हॉल्व्हची जाळी स्वच्छ, जुना फिल्टर कापला तर गाळ काळा, चमकी नाही. रिलीफ व्हॉल्व्हचं रिटर्न कोरडं.

फिल्टरच्या आत येणाऱ्या कनेक्टरचा ओ रिंग चपटा झाला होता. तो बदलूनही सकाळी तीन झटके पोकळ लागत होते, म्हणून प्रायमर बदलला. आता दोन सेकंदांत उचलते.

काल तेवढाच माल घेऊन तोच घाट: फिल्टरनंतर व्हॅक्यूम सर्वांत जास्त ०.१८, मागणी १४००, प्रत्यक्ष १३८५ च्या खाली नाही. दूधट फेस गेला. पंप जुनाच.

रेल_आणि_रिटर्न

छान. दोन गोष्टी राहिल्या. टाकी धुतली तरी पाइपातला सुटा गाळ अजून येत राहील, तेव्हा हा फिल्टर नेहमीच्या मुदतीपर्यंत ठेवू नका. १ हजार किमीला पाणी सोडून बघा आणि व्हॅक्यूम मोजा, ०.२५ च्या वर गेला तर बदला. चौथ्या इंजेक्टरचं रिटर्न १० हजार किमीला पुन्हा मोजा, आयडल आणि २५०० दोन्हीला, आजचे आकडे वहीत लिहून ठेवा. तो कधी बदलावा लागला तर खालचा तांब्याचा वॉशर आणि हाय प्रेशर पाइप नवा घ्या, आणि इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड ईसीयूमध्ये भरल्याशिवाय गाडी गॅरेजमधून बाहेर काढू नका.

पंपवाला_जुना

आणि टी काढल्यावर ती जोडणी नीट आवळा. तपासणीसाठी लावलेल्या टी मधूनच पुन्हा हवा धरली म्हणून आलेल्या गाड्या कमी नसतात.